कुणालाच न येणारी भाषा

ती मुलगी माझ्या खुर्चीसमोर उकिडवी बसली. माझ्या मांडीवरच्या बाळाकडे तिने पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दुभाष्याकडे न वळता सरळ मला विचारलं, "लिबा सेऊ?"

माझ्या हातातून बाळ निसटलं. बाळ रबराचं होतं, पण आत वाळू भरून त्याला खऱ्या बाळाचं वजन दिलेलं, त्यामुळे पडल्याचा आवाज खऱ्यासारखाच आला. काचेपलीकडे बसलेल्या मुलांपैकी कुणीतरी "अगं आई गं" म्हणालं. मी बाळ उचललं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पाणी दुखतं का, असं तिने विचारलं होतं. म्हणजे पाणी पिताना दुखतं का. वैद्यकीयदृष्ट्या प्रश्न अगदी योग्य होता, तापलेल्या बाळाच्या आईला कुणीही विचारावा असा. फक्त ज्या भाषेत तिने तो विचारला ती भाषा जगात कुणालाच येत नाही. मला येते असंही त्या क्षणापर्यंत मी छातीठोकपणे म्हणाले नसते. पण माझं तोंड माझ्या आधी बोललं. "सेऊ," मी म्हणाले, "लिबा सेऊ ना," आणि माझा आवाज मला लहान मुलीसारखा ऐकू आला.

मी मेडिकल कॉलेजात पेशंटचं काम करते. खोट्या पेशंटचं. आयुष्यभर नाटकांत शेजारीण, मोलकरीण आणि तिसऱ्या अंकात वाईट बातमी घेऊन येणारी बाई केल्यावर उतारवयात मला एकदाची मोठी भूमिका मिळाली, तीही प्रेक्षक काचेमागे कोंडलेले असताना. कधी मी पित्ताच्या खड्यांनी कळवळते, कधी दारू पीत नाही असं खोटं सांगते. आमचे हे म्हणतात, "घरी कधी टिपूस गाळलं नाहीस, तिथे मात्र पगारी रडतेस." पण वर्षातून एकदा जी मुलं परदेशात, दूरच्या लहानशा दवाखान्यांत कामाला जायची असतात, त्यांच्या तयारीच्या वर्गासाठी माझं काम वेगळं असतं. त्या वर्गात त्यांना पाणी कसं प्यावं, मच्छरदाणी कशी खोचावी, सुई टोचली तर काय करावं हे शिकवतात. कुणाचे फोटो काढू नयेत हे शिकवतात. जे इथे करायची तुम्हाला परवानगी नाही ते तिथे कुणी विचारणारं नाही म्हणून करायचं नाही, हे तर घोकून घेतात. आणि सगळ्यात शेवटी त्यांना माझ्यासमोर आणून बसवतात. मी एक आई असते. मांडीवर तापलेलं मूल. मी बोलते आणि त्यांना त्यातलं अवाक्षर कळत नाही.

हा वर्ग चालवणारे डॉक्टर स्वतः अशा ठिकाणी बरीच वर्षं राहून आलेले. उंच, वाकलेले, हसले तरी दिलगिरी व्यक्त केल्यासारखे हसणारे. मला घेतानाच त्यांनी सांगितलं होतं, "कुठलीच खरी भाषा नको. कुणाला ना कुणाला ती येत असते. तुम्ही आपलं काहीही बोला, पण भाषेसारखं वाटलं पाहिजे." मी काहीही बोलू लागले. त्यांनी लोकरीची टोपी घातली की ते दुभाषी व्हायचे आणि मी काहीही बोलले तरी ठरलेली वाक्यं सांगायचे. बाई म्हणतायत तीन दिवस ताप आहे. बाई म्हणतायत नवरा गावाला गेलाय. कधी मी दमून एकच शब्द बोलायचे आणि ते त्याचं लांबलचक भाषांतर करायचे, मग काचेमागे मुलं खिदळायची. शेवटी मी माझ्या खऱ्या भाषेत एक निकाल द्यायचा, ही तिथली पद्धत. आणखी काही बोलायचं नाही, गुण द्यायचे नाहीत. हा माणूस पुन्हा माझ्या मुलाजवळ आलेला चालेल का, एवढंच. "येऊ दे" म्हटलं की ते पोर परदेशी जायला मोकळं. "नको" म्हटलं की वर्षभर थांबायचं. ज्यांना नको म्हटलं ते बाहेर जाऊन सांगायचे की दुभाषीच धड नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं. डॉक्टरांनी माझा निकाल आजवर कधी फिरवला नव्हता.

त्या दिवशी मात्र निकाल द्यायची वेळच आली नाही. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "थांबा." मग मुलीला म्हणाले, "तू आत्ता काय बोललीस?"

"त्यांच्या भाषेत विचारलं, सर. पाणी पिताना त्रास होतो का."

"त्यांची भाषा नाहीये. त्या बनवून बोलतात."

"नाही सर," ती म्हणाली. उर्मटपणे नाही, कुणाच्या खांद्यावरचा धागा काढून द्यावा तशी. "बनवलेली असेल, पण भाषा आहे."

या मुलीला सगळे टेप म्हणायचे. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायची म्हणून. गोलसर चेहरा, एका बाजूला कललेली मान, आणि ऐकताना तोंड किंचित उघडं. आदल्या वर्षी ती खालच्या वर्गात असताना तिला या प्रसंगांचं चित्रण करायला कॅमेऱ्यामागे बसवलं होतं, ते मला आता आठवलं. अख्खा हंगाम ती माझं बोलणं ऐकत होती. पुढच्या मुलांना दाखवायला ते चित्रण कापायचं कामही तिच्याकडेच होतं, म्हणजे एकेक वाक्य तिने मागेपुढे करून परतपरत ऐकलं असणार. मला वाटत होतं मी तोंडाला येईल ते बडबडते. ती म्हणाली, पाणी म्हणून तुम्ही भांड्याकडे बघता तेव्हा दर वेळी लिबाच म्हणता, मग समोर कुणीही असो. दुखतं ते सेऊ. आणि तुम्ही एखादा शब्द जोडून दोनदा म्हणालात की त्याचा अर्थ उलटा होतो. तूम म्हणजे जा. तूमतूम म्हणजे जाऊ नकोस. हे ती काचेपलीकडच्या सगळ्यांसमोर सांगत होती आणि माझे कपडे कुणी भर वर्गात एकेक करून वाळत घालतंय असं मला झालं.

डॉक्टर रागावले नाहीत, त्यांना रागावता येत नाही. पण त्यांनी तिला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मी ऐकलं. त्यांच्याबरोबर पूर्वी एक हुशार मुलगा होता, तिथली भाषा पटकन उचलणारा. थोडे शब्द आले आणि त्याने दुभाष्याला बोलावणं सोडलं. एका बाईला तो विचारायचा, दुखतं का, ती हो म्हणायची. औषध घेतलं का, हो. दुसरं कुठलं घेत नाही ना, हो. ती सगळ्यालाच हो म्हणत होती, कारण समोर डॉक्टर होता. "बाई वाचली ती तिच्या नशिबाने," ते म्हणाले. "भाषा अजिबात येत नसली तर माणूस घाबरून असतो. थोडी आली की घाबरत नाही. मला घाबरलेली मुलं पाठवायची आहेत. डोळे पेशंटकडे, कान दुभाष्याकडे. शेवटच्या दिवशी पुन्हा ये. आणि हे जे काही शिकलीस ते विसरून ये."

ती हो म्हणाली. तिचे डोळे भरले होते. परदेशी जायच्या तुकडीची सगळी तयारी झालेली, तिचा निकाल मात्र राहिला.

मी रबराचं बाळ कपाटात ठेवून घरी गेले. रस्त्यात वाहनं, दिवे, एका दुकानाचं लोखंडी शटर अर्धं खाली ओढून त्याच्यावरून दोघेजण वाद घालत होते, आणि मला त्यांचं बोलणं समजत होतं याचंच नवल वाटलं. धाकटीचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, मी कित्येक दिवसांत नाव काढलं नव्हतं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ती उशिरा बोलायला लागली, आणि लागली ती हेच बोलायला. आई म्हणायची ते कळायचं तिला सगळं, पण उत्तर द्यायची ती आमच्या बोलीत, आणि ते मी आईला उलगडून सांगायचे. आमची म्हणते खरी, पण निम्मी तिची आणि निम्मी माझी. पायऱ्यांवर बसून आम्ही शब्द पाडायचो. एखादा तिने आणावा, मी नको म्हणावं, मग दोघींनी मिळून वाकवावा. दोनदा म्हटलं की उलटं, ही तिची अक्कल. मला आठवतं तिला एकदा खायला हवं होतं आणि नको होतं, दोन्ही, तेव्हा ती तो शब्द दीड वेळा म्हणाली आणि आम्ही हसून हसून पायऱ्यांवरून खाली आलो. बाबा वैतागायचे. आई म्हणायची, शाळेत गेली की सुटेल. शाळेत जायच्या आधीच तिला घशाच्या दुखण्याने धरलं.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत ती, आणि मला बाहेर ठेवलेलं, कारण मला लागू नये. शेजारच्या काकूंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, त्यांच्या हाताला साबणाचा वास येत होता. दार लोटलेलं, पण आवाज येत होता. ती म्हणत होती, लिबा सेऊ, लिबा सेऊ. तेव्हाचे ते डॉक्टर, त्यांच्या बुटांचा करकर आवाज मला आत्ताही काढून दाखवता येईल, त्यांनी विचारलं, "काय म्हणतेय?" बाबा म्हणाले, "तापात बडबडतेय." आणि आई म्हणाली, "पाणी मागतेय हो." आईला आमचा तो एक शब्द येत होता. एकच. लिबा. धाकटी पाणी दुखतं म्हणत होती आणि आई चमच्याने तिला पाणी पाजत होती, आणि ती जितकी म्हणत होती तितकं आई पाजत होती. बाहेर मला सगळं कळत होतं. मला कुणी विचारलं नाही. त्या काळी मुलांना विचारल्याशिवाय मुलं बोलत नसत आणि दवाखान्याच्या पिशव्या घेऊन आलेल्या माणसांपुढे तर नाहीच. मी बोलले असते तर ती वाचली असती असं काही नाही. घसा बंद होत आलेल्या मुलाचं पुढे काय व्हायचं ते मला आता चांगलं माहीत आहे, इतकी वर्षं पांढऱ्या कोटांत वावरते मी. माझी चूक नव्हती हे मला पक्कं कळतं. कळून काय उपयोग. आई पुढे म्हातारी होईपर्यंत सांगायची, "शेवटी पाणी मागत होती गं, निदान पाणी तरी पोटभर पाजलं मी." मी मान डोलवायचे. तिला त्या एका चमच्याचा आधार होता आणि तो काढून घ्यायची माझी छाती नव्हती. आई गेली तेव्हा मला वाटलं, आता हे ऐकणारं कुणी उरलं नाही, भाषाही गेली. आणि मी तीच भाषा दर वर्षी त्या खुर्चीत बसून परक्या पोरांच्या अंगावर ओतत होते, कुणाला कळत नाही अशा भरवशावर.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी मला शोधत आली. मी कपडे बदलते ती खोली म्हणजे सामानाचीच खोली, फळ्यांवर प्लास्टिकचे हात, छात्या, एक पाठ उघडी असलेला माणूस. ती दारात उभी राहून माफी मागू लागली. "तुम्हाला धक्का बसला काल. मला वाटलं तुम्हाला आवडेल."

"पुन्हा म्हण," मी म्हणाले.

"काय?"

"काल म्हणालीस ते."

तिने म्हटलं. बरोबर माझ्यासारखं म्हटलं, 'ऊ' जरा ओढून, आणि ते ओढणं मुळात माझं नव्हतंच. मी प्लास्टिकच्या माणसाच्या शेजारी बसले. मी तिला म्हटलं, ही भाषा मी तुमच्यासाठी बनवलीय गं, त्यात काय एवढं. ती मान कलती करून माझ्याकडे बघत राहिली.

"एकटीने? पण भाषा एकटीने कशी बनेल? कुणाशी तरी बोलायचात ना तुम्ही?"

मला खोटं बोलायचा पगार मिळतो. तरी तिथे ते जमलं नाही. "होती एक," मी म्हणाले. "लहान होती."

तिने पुढे विचारलं नाही. त्यासाठीच मला ती आवडली असावी. मग दुपारी तिचे वर्ग संपले की ती यायची. तिच्यासाठी ते कोडं होतं, चौकोनात अक्षरं भरल्यासारखं, एखादा शब्द सुटला की ती टाळी वाजवायची. मला काय होतं ते सांगता येत नाही. ती विचारायची, उजेडाला काय म्हणता, आणि मी नाही आठवत म्हणायचे, आणि पुढच्या क्षणी माझ्या तोंडातून तो शब्द बाहेर पडायचा, गरम, ओला, जणू तिथेच जिभेखाली ठेवला होता. घर, कुत्रं, जिना, नको, अजून. एका दुपारी तिने पाठीमागून मला एक वाक्य ऐकवलं, जिन्यात अंधार आहे, हात दे, असं काहीसं, आणि ते वाक्य मी तिला शिकवलं नव्हतं. तिने ते रचलं होतं. धाकटी ते कधी बोलली नव्हती, बोलू शकली असती मात्र. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी मला इतका आनंद झाला की मी तिचा हात धरला. भूत घरात आलं तर माणसं दारं लावतात. मी त्याला बसायला खुर्ची देत होते.

घरी मी पुटपुटायला लागले. भाजी चिरताना, जिना चढताना. ह्यांनी विचारलं, "कुठल्या नाटकाची तयारी आहे?" मी म्हटलं, जुन्याच. ते म्हणाले, "मग अजून पाठ कसं नाही?" हा माणूस माझ्याबरोबर इतकी वर्षं राहिला आणि धाकटी त्याच्यासाठी भिंतीवरच्या एका पिवळ्या फोटोएवढीच आहे. त्यात त्याचाही दोष नाही, मीच कधी दाखवलं नाही. एकदा वाटलं, सांगावं. पण काय सांगणार, की एका शिकाऊ डॉक्टरणीच्या तोंडात माझी बहीण पुन्हा बोलायला लागलीय? त्यांनी मला तपासणीला नेलं असतं, आणि तिथे कदाचित माझ्याच ओळखीचा विद्यार्थी बसलेला असता.

मला ती जायला नको होती. हे मी स्वतःशी आडून आडून नाही, असं सरळच म्हणाले, बसची वाट बघत उभी असताना. ती गेली की तिथली खरी भाषा शिकेल, तिच्या डोक्यात जागा मोजकीच असणार, आमची भाषा त्या गर्दीत चेंगरेल. किंवा परत येईल तेव्हा मी या खुर्चीत नसेन. एका शब्दाचं काम होतं. नको. तेवढं म्हटलं की ती एक वर्ष इथेच. डॉक्टरांनाही ते पटलं असतं, ते तर आधीच साशंक होते. कुणालाच कळलं नसतं. तिलाही नाही, ती म्हणाली असती माझंच चुकलं असणार, अशा मुली असंच म्हणतात. मग मला वाटायचं, पण तिथे कुठेतरी लोटलेल्या दाराबाहेर कुणीतरी उभं असेल, ज्याला सगळं कळतंय आणि ज्याला कुणी विचारत नाहीये. आईला एक शब्द येत होता म्हणून तिने मला आत बोलावलं नाही. तिला एकही येत नसता तर तिने कदाचित ओरडून म्हटलं असतं, थोरलीला बोलवा, तिला कळतं. डॉक्टर मुलांना हेच सांगत होते आणि मी इतकी वर्षं टोपीला हसत होते. मुलगी थोडंसं शिकून तिथे गेली आणि आईसारखीच ठाम चुकली तर? आणि मी तिला रोज दुपारी आणखी थोडं थोडं शिकवत होते.

शेवटच्या दिवशी सकाळी काचेमागे पाचसातच जण होते, ज्यांचं राहिलं होतं ते. डॉक्टरांनी टोपी घातली. मी डोक्यावरून जुनी शाल घेतली, बाळ टॉवेलात गुंडाळलं, त्याच्या वाळूचं वजन मांडीवर बसू दिलं. ती आली. आधी दुभाष्याला नमस्कार केला, त्यांचं नाव विचारलं, मग माझ्यासमोर त्याच जागी बसली, पण यावेळी स्टुलावर, माझ्या डोळ्यांच्या उंचीला. तिने मला साध्या रोजच्या भाषेत सांगितलं की मी शिकाऊ आहे, मी एकटी काही ठरवणार नाही, मोठ्या डॉक्टरांना विचारणार आहे. डॉक्टरांनी ते मला काहीतरी हातवारे करून सांगितल्यासारखं केलं. सगळं व्यवस्थित चाललं होतं. तीन दिवस ताप, नवरा गावाला, दूध पीत नाही. तिने बाळाच्या पोटावर हात ठेवायच्या आधी माझी परवानगी विचारली.

मी काय करणार आहे ते मला माहीत नव्हतं. मी पुढे वाकले आणि तिला म्हणाले, "तूमतूम." जाऊ नकोस. मग सगळंच बाहेर आलं, इतक्या वर्षांत ज्याला कुणी ऐकणारं नव्हतं ते, की तू गेलीस तर मी कुणाशी बोलू, की ती पाणी मागत नव्हती, तिला पाणी दुखत होतं, की मी बाहेर होते, मला सगळं कळत होतं, मला कुणी आत घेतलं नाही. एकही शब्द मी बनवला नाही. सगळे आमचे होते, आणि सगळे तिला येत होते.

तिने माझ्या डोळ्यांवरून डोळे हलवले नाहीत. बाळाच्या पोटावरचं तिचं बोट मात्र थांबलं. मला दिसलं, तिला कळलं. शेवटच्या शब्दापर्यंत कळलं. तिचं तोंड थोडं उघडलं. मी वाट पाहिली.

तीही वाट पाहत होती. दुभाष्याची.

डॉक्टरांनी घसा साफ केला आणि टोपी सारखी केली. "बाई विचारतायत," ते म्हणाले, "की मूल बरं होईल ना."

ती मला म्हणाली, "आत्ताच सांगता येणार नाही. पण आम्ही तुम्हाला काही लपवून ठेवणार नाही. जे कळेल ते तुम्हाला सांगू." अगदी शांतपणे म्हणाली, एकेका शब्दाला जागा देत. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला तिने हात उचलला नाही, कारण हात बाळावर होते.

मला राग आला. असा राग मला त्या करकरणाऱ्या बुटांचाही आला नव्हता. माझ्या तोंडासमोर बसून, सगळं कळून, तिने दुसऱ्याला विचारलं मी काय म्हणतेय. आणि ती बरोबर होती. तिने जे केलं तेच तिला करायला सांगितलेलं होतं, तेच तिथल्या एखाद्या आईच्या भल्याचं होतं, आणि ते करताना तिला किती जड गेलं ते मी पाहिलं होतं. दुभाषी चुकला, तो काय तिचा गुन्हा नाही. डॉक्टरांनी टोपी काढून माझ्याकडे पाहिलं. काचेमागची मुलं पुढे वाकली. मी शालीचं टोक हातात धरून बसले होते. निकाल एका शब्दाचा असतो आणि त्याआधीचा वेळ कुणी मोजत नाही.

"येऊ दे," मी म्हणाले.

बाहेर मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती उठली, मला काहीतरी सांगणार असं वाटलं, पण सगळ्यांसमोर कुठल्या भाषेत सांगणार. तिने माझ्या हाताला हात लावला आणि गेली. दाराबाहेर तिला कुणीतरी मिठी मारल्याचा आवाज आला, मग हसण्याचा, मग आवाज जिन्याने खाली गेले. डॉक्टर म्हणाले, "छान झालं. तुम्ही आज फारच छान केलंत, मलाही क्षणभर खरं वाटलं." मग त्यांनी पुन्हा टोपी घातली आणि दाराकडे बघून म्हणाले, "पुढचा."

पुढचा एक उंच मुलगा होता, चष्मेवाला, घाबरलेला, अगदी डॉक्टरांना हवा तसा. त्याने दुभाष्याला नमस्कार केला, स्टूल ओढून माझ्यासमोर बसला. मी बाळ मांडीवर सरळ केलं. त्याने मला विचारलं, ताप कधीपासून आहे, आणि डॉक्टरांनी हातवारे केले, आणि आता मी बोलायचं होतं. मी तोंड उघडलं. आत काही नव्हतं. लिबा नाही, सेऊ नाही, एखादा तुटका आवाजही नाही. मी जिभेखाली शोधलं, घशात शोधलं. आजवर तिथे ती कायम असायची, हाक मारायच्या आत यायची. बाळ जड झालं. मुलगा माझ्याकडे मायेने बघत होता, आणि मला फार एकटं वाटलं, आणि मी त्याला आपल्या साध्या, रोजच्या, कुणालाही कळेल अशा भाषेत म्हणाले, "मला काही आठवत नाही रे बाळा. माझी बहीण गेली."

त्याने मान डोलवली. त्याची नजर माझ्यावरच होती, पापणीसुद्धा न हलवता, फार चांगला मुलगा होता तो. आणि मान किंचित बाजूला कलती करून, मी काय म्हणाले ते डॉक्टर आता सांगतील म्हणून, तो थांबून राहिला.